एका माणसावर उभा असलेला क्लब : ईशान्य व्हिक्टोरियातलं एक प्रकरण

हे प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहान गावाचं आहे. मरे नदीपासून फार लांब नाही. गहू, मेंढ्या, थोडं दूधदुभतं. एक प्राथमिक शाळा, एक पब, धान्याच्या कोठ्या आणि गावाच्या कडेला निलगिरीच्या झाडांमध्ये फुटबॉलचं मैदान. मी व्यवसायाने हिशेबनीस, जवळच्या शहरात राहतो आणि या गावच्या क्लबाचे वार्षिक हिशेब विनामोबदला तपासतो. त्यामुळे जे घडलं ते वह्यांमधूनही पाहिलं आणि माणसांकडूनही ऐकलं. क्लबाचं आणि माणसाचं नाव देत नाही. ज्यांच्याभोवती हे सगळं फिरतं त्यांना इथे काका म्हणतो.

काकांनी पन्नासहून जास्त वर्षं या क्लबाचं काम केलं. २०२३ च्या हंगामाच्या मध्यावर त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्यांना काही महिने घरी बसवलं. त्या महिन्यांत क्लबाचं काय झालं, का झालं आणि लोकांनी त्यावर काय केलं, एवढाच या लेखाचा विषय.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण महाराष्ट्रात तो फारसा कुणी पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे पहिले लेखी नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये ठरले. ते ठरवणाऱ्या मंडळींतला टॉम विल्स हा त्या काळचा नावाजलेला क्रिकेटपटू. मैदान क्रिकेटसारखंच लंबगोल आणि प्रचंड, एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. खांबांपाशी उभा असलेला गोल अंपायर सहा गुणांसाठी दोन झेंडे हलवतो, एका गुणासाठी एक. मोठ्या शहरांतले व्यावसायिक सामने टीव्हीवर दिसतात. गावाकडचा खेळ मात्र एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. आधी लहान वयोगट, मग राखीव संघ, मग मुख्य संघ, आणि शेजारच्या कोर्टांवर त्याच वेळी मुलींच्या आणि बायकांच्या नेटबॉलच्या, म्हणजे बास्केटबॉलसारख्या एका खेळाच्या, लढती. म्हणूनच या क्लबांची नावं आता ‘फुटबॉल-नेटबॉल क्लब’ अशी असतात. लोक मैदानाच्या कडेने गाड्या तोंड आत करून लावतात, थंडीत गाडीतच बसून सामना पाहतात आणि गोल झाला की भोंगे वाजवतात.

शहरातल्या माणसाला हा करमणुकीचा कार्यक्रम वाटेल. पण बँकेची शाखा बंद झालेली, चर्चमध्ये महिन्यातून एकदाच प्रार्थना होणारी अशी ही गावं. दर आठवड्याला सगळ्या वयाची माणसं एकत्र येतील अशी दुसरी जागाच उरलेली नाही. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने २००४ साली ग्रामीण फुटबॉलची रीतसर चौकशी करून अहवाल काढला तो यामुळेच. पुढे राज्य सरकारने मैदानावरचे दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, नेटबॉल कोर्ट यांसाठी खास अनुदान योजना सुरू केली. दिव्यांना अनुदान मिळतं. दिवे लावायला आणि विझवायला माणूस लागतो, त्याला कुठल्याही योजनेतून अनुदान मिळत नाही.

काकांचा आठवडा

काका याच क्लबात पोरसवदा वयात खेळले. खेळाडू म्हणून साधारणच, असं ते स्वतः सांगतात. गुडघा गेल्यावर विशीतच त्यांनी गोल अंपायरचा पांढरा कोट घातला आणि पुढे एकेक काम अंगाला चिकटत गेलं. आधी साहित्य सांभाळणं, मग मैदान, मग सेक्रेटरी, मधली काही वर्षं अध्यक्षपद, पुन्हा सेक्रेटरी. काकू तेवढीच वर्षं कँटीन सांभाळत होत्या. क्लबाच्या भिंतीवर आजीव सदस्यांचा लाकडी फलक आहे, सोनेरी अक्षरांत. त्यात दोघांची नावं आहेत. काकूंचं नाव बऱ्याच वर्षांनी आलं. ते आधी यायला हवं होतं, असं मला वाटतं.

सोमवारी काका पोत्यातून घरी आणलेल्या जर्सी धुवायचे, म्हणजे काकू धुवायच्या आणि काका वाळत घालायचे. त्याच संध्याकाळी निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं लीगकडे, म्हणजे आसपासच्या क्लबांची स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेकडे, जायची. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, म्हणजे दिवे, दारं, गरम पाण्याचा बंब. गुरुवारी दुपारच्या आत शेजारच्या गावच्या बेकरीला पावाची मागणी सांगायची. गुरुवारी रात्री क्लबात सगळ्यांचं जेवण असतं आणि त्याच वेळी शनिवारचा संघ जाहीर होतो. जेवणानंतर टेबलं पुसून काका शेवटचे निघायचे. शुक्रवारी मैदानावरच्या रेषा. एकेकाळी हे काम चुन्याने व्हायचं. चुन्याने खेळाडूंची कातडी भाजायची, म्हणून पुढे रंग आला. मधोमध पन्नास मीटरचा चौरस, दोन्ही टोकांना पन्नास मीटरच्या कमानी, खांबांपुढे छोटा आयत. मोजमाप दरवेळी नव्याने घ्यावं लागू नये म्हणून काकांनी गवताखाली ठरावीक ठिकाणी लोखंडी खुंट्या पुरून ठेवल्या होत्या. त्या कुठे आहेत हे पावलं मोजून फक्त त्यांना सापडायचं.

शनिवारी पहाटे दव गोठून गवत पांढरं पडलेलं असताना ते मैदानावर हजर असायचे. भोंग्याची बॅटरी शुक्रवारी रात्रीच चार्जिंगला लावलेली. प्रवेशद्वारावर पैसे घेणाऱ्याला सुट्टे पैसे, पाहुण्या संघाला खोलीची किल्ली, पंचांना चहा. खाटकाकडून आलेला मांसाचा ट्रे सोडतीसाठी बारवर ठेवायचा. तिकिटं विकून निघणारी ही सोडत इथल्या प्रत्येक क्लबाची ठरलेली मिळकत आहे. मग कोट चढवून दुपारी गोलखांबांपाशी उभं राहायचं. आपल्याकडे गणपतीच्या मंडळात असा एखादा कार्यकर्ता असतो, ज्याला मंडपाच्या प्रत्येक बांबूची जागा माहीत असते. काका तसे होते, फक्त त्यांचा उत्सव दरवर्षी सहा महिने चालायचा.

हिशेबाच्या वहीत यातलं काहीही दिसत नाही. जमेच्या बाजूला प्रवेशशुल्क, कँटीन, बार, जाहिरातदार, सोडत. खर्चाला पंचांचं मानधन, विमा, वीज, चेंडू आणि खेळाडूंचे पैसे. काकांचे तास कुठेच नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं ताळेबंद पाहणाऱ्या मलासुद्धा क्लब ठणठणीत वाटत होता.

काळ कुठे बदलला

काकांनी काम सुरू केलं तेव्हा सेक्रेटरीकडे एक वही, एक टाइपरायटर आणि घरचा टेलिफोन एवढंच होतं. आज त्याच पदाच्या माणसाला खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी पाहावी लागते, दुसऱ्या क्लबातून येणाऱ्यांची बदली ३० जूनच्या मुदतीआधी पार पाडावी लागते, मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची सरकारी पडताळणी झाली आहे ना हे बघावं लागतं. बारचा परवाना, स्वयंपाकघराची नगरपालिकेकडची नोंदणी, संस्थेचं वार्षिक विवरणपत्र हे वेगळंच. डोक्याला मार लागलेला खेळाडू २०२४ च्या नियमांनुसार किमान एकवीस दिवस सामन्यात उतरू शकत नाही, त्याची नोंद ठेवावी लागते. यातला प्रत्येक नियम योग्य आहे. मुलांच्या पडताळणीबद्दल आणि डोक्याच्या दुखापतीबद्दल तर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हे सगळं ओझं लहान गावात एकाच पाठीवर येतं आणि पाठ बहुतेक वेळा सत्तरीतली असते.

दुसरीकडे माणसं कमी झाली. शेतं एकत्र होऊन मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, जिथे पाच कुटुंबं राहायची तिथे एक राहतं. मुलं शिकायला मेलबर्नला जातात. त्यातली काही शनिवारी तीनशे किलोमीटर गाडी चालवून खेळायला येतात, पेट्रोलचे आणि वर थोडे पैसे घेऊन. पैसे देणं नवं नाही. मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबाचा दिग्गज बॉब रोझ १९५६ साली वँगराटा रोव्हर्स या इथल्या क्लबाचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून याच भागात आला आणि त्याने १९५८ व १९६० साली विजेतेपद मिळवून दिलं. तोही काही फुकट आला नव्हता. पण तेव्हा बाहेरून येणारा एखादाच असे, बाकीचा संघ गावचा. आता पैशाच्या चढाओढीला आवर घालण्यासाठी राज्यभर खेळाडूंना गुण लावून संघाच्या एकूण गुणांवर मर्यादा घालायची पद्धत आणि मानधनाची मर्यादा आणावी लागली.

मग करोना आला. २०२० चा हंगाम इथल्या बहुतेक लीगनी रद्दच केला. ८ जुलै २०२० ला व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातली सीमा बंद झाली, १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर पहिल्यांदाच. नदीच्या दोन काठांवरची जुळी गावं एका रात्रीत तुटली. २०२१ चा हंगामही मध्येच कोलमडला. दोन हिवाळे शनिवारी घरी बसल्यावर बऱ्याच जणांना कळलं की घरी बसणंही जमतं. खेळाडूंपैकी बरेच परत आले. कामाला हात लावणाऱ्यांपैकी बरेच आले नाहीत.

त्यानंतर शेजारीच कोरोवा-रदरग्लेनचं घडलं. कोरोवा न्यू साउथ वेल्समध्ये, रदरग्लेन व्हिक्टोरियात, मध्ये मरे नदी. १९७९ साली दोन्ही गावांचे क्लब एक झाले. १८९३ पासून चालत आलेल्या ओव्हन्स अँड मरे लीगमध्ये या क्लबाने २००० आणि २००३ साली विजेतेपद मिळवलं. पुढे सिडनी स्वान्स या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक म्हणून २०१२ चं अजिंक्यपद जिंकणारा जॉन लाँगमायर पोरवयात इथेच खेळला. अशा क्लबाला २०२३ साली पुरेसे खेळाडू नाहीत म्हणून मुख्य संघ उतरवता आला नाही. २०२४ साली तो परत उभा राहिला, ही त्या लोकांची जिद्द. पण त्या वर्षी आसपासच्या प्रत्येक कमिटीच्या बैठकीत एकच प्रश्न होता, पुढचा नंबर कुणाचा.

काका घरी बसले तेव्हा

पहिल्याच शुक्रवारी खुंट्या सापडल्या नाहीत. दोन तरुण शेतकऱ्यांनी टेप आणि दोरी घेऊन अंधार पडेपर्यंत रेषा मारल्या, एक कमान वाकडी आली तरी सामना झाला. पाण्याच्या पंपाच्या खोलीत तीन झडपा, त्यातली कुठली उघडायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाव आला नाही, कारण कुणी सांगितलाच नव्हता. नोंदणीच्या संगणक प्रणालीचा पासवर्ड काकांच्या खासगी ईमेलला जोडलेला आणि खात्री करणारा आकडा त्यांच्या फोनवर येणारा. फोन काकूंच्या पर्समध्ये, काकू इस्पितळात. जूनअखेरची मुदत जवळ आलेली होती आणि दोन खेळाडूंची बदली अडकली होती. काकूंनी इस्पितळाच्या मार्गिकेत उभं राहून तो आकडा वाचून दाखवला तेव्हा काम झालं. जाहिरातदारांपैकी काहींशी लेखी करारच नव्हता. खाटकाने तर सरळ सांगितलं, ‘माझं त्यांच्याशी बोलणं झालेलं असतं, क्लबाशी नाही.’

हे सगळं त्रासदायक होतं, पण दुरुस्त होण्यासारखं होतं. खरा धक्का पुढच्या पंधरवड्यात बसला. सतरा वर्षांखालच्या संघातली दोन भावंडं सरावाला यायची थांबली. मग तिसरा मुलगा. चौकशी केल्यावर कळलं की दूरच्या शेतावरच्या त्या भावांना मंगळवारी आणि गुरुवारी काकाच गाडीतून आणायचे आणि सोडायचे. त्यांच्या घरात वडील नव्हते, आई रात्रपाळीला जायची. तिसऱ्या मुलाला काका दर बुधवारी फोन करायचे, नुसती चौकशी करायला. हे कुणाला माहीत नव्हतं. काकूंना अर्धवट माहीत होतं.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. रेषा, झडपा, पासवर्ड ही कामं माणसाच्या डोक्यातून कागदावर आणता येतात. मुलांना घरी सोडणं हे कुठल्याही पदाचं काम नव्हतं, म्हणून ते बंद पडल्याचं कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही. आणि संघाला मुलं कमी पडली ती त्यामुळे. खेळाडू टिकत नाहीत म्हणून क्लब बंद पडतात असं सगळे म्हणतात. इथे मला उलटं दिसलं. खेळाडूला धरून ठेवणारा माणूस आधी जातो, खेळाडू नंतर.

काकांच्या निष्ठेमुळेच ही अवस्था आली, हेही स्पष्ट लिहायला हवं. त्यांनी कुणाला अडवलं नाही, पण कुणी रेषा मारायला पुढे आला तर ‘राहू दे, मी करतो’ म्हणत यंत्र हातात घेतलं. कमिटीनेही ते आनंदाने घेऊ दिलं. दर वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी नाव मागितलं जायचं, खोलीत शांतता व्हायची, मग काका हात वर करायचे आणि टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांमध्ये कृतज्ञतेइतकाच सुटकेचा भाव होता.

क्लबाने काय केलं

नेटबॉलचं काम पाहणाऱ्या दोघीजणींनी पुढाकार घेतला. काका घरी आल्यावर त्या आठवड्यातून एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या, एक शाळेची वही घेऊन. सुरुवातीला काका वैतागले. ‘हे कुणी लिहून ठेवतं का?’ त्यांना वाटलं आपल्याला बाजूला काढायची तयारी चालली आहे. काकूंनी मध्ये पडून सांगितलं की तुम्ही बोला, मी चहा करते. हळूहळू वही भरली. खुंट्यांचा नकाशा निघाला. जाहिरातदारांची नावं, कुणाला हंगामाआधी भेटायचं, कुणाला फक्त ख्रिसमसचं कार्ड पुरतं, सगळं आलं. त्या वहीत कामांची यादी एवढी लांब झाली की कमिटीतल्या एकाने ती मोठ्याने वाचायला घेतली आणि अर्ध्यावर थांबला.

मग वाद झाला तो पैशाचा. एका गटाचं म्हणणं, खेळाडूला पैसे देतो, मग कार्यालयीन काम करणाऱ्याला का देऊ नये? दुसऱ्या गटाचं नेतृत्व घरबसल्या काकांकडे. एका कामाचे पैसे दिले की दुसऱ्या कामावरचा माणूस स्वतःला विचारणार, मग मी का फुकट करतो? हिशेबनीस म्हणून मला विचारलं गेलं. थोडं मानधन क्लबाला परवडलं असतं, हे मी आकडे दाखवून सांगितलं. तरी काकांच्या मुद्द्यात तथ्य आहे असंही सांगितलं. गुरुवारी भांडी घासणाऱ्या आजींना मानधनाचा हिशोब कुठल्या दराने लावणार?

अखेर मानधन कुणालाच द्यायचं नाही ठरलं, पण कामंच कमी करायची ठरली. मला हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. नवी माणसं शोधण्यापेक्षा जुनी ओझी टाकणं सोपं होतं, आणि ते आजवर कुणी केलं नव्हतं. मंगळवारचा बार बंद केला. हंगामाअखेरचा बक्षीस समारंभ शहरातल्या हॉलऐवजी क्लबातच, घरच्या जेवणावर. कँटीनचा पदार्थांचा फळा अर्ध्यावर आणला. गुरुवारचं जेवण पंधरा दिवसांनी करावं असाही प्रस्ताव होता. तो पडला आणि बरं झालं. गावातले तीन-चार एकटे म्हातारे त्या रात्रीच माणसांत बसून जेवतात.

सेक्रेटरीचं काम तोडून तीन तुकडे केले. नोंदणी आणि बदल्या एका शिक्षिकेकडे, लीगशी पत्रव्यवहार दुसऱ्याकडे, परवाने आणि पडताळण्या तिसरीकडे. शिक्षिकेने अट घातली, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. त्यावरून नियमच करायचा ठराव आला : कुठलंही पद सलग तीन वर्षांच्या वर नाही. वार्षिक सभेत काकांनी विरोधात मत दिलं. त्यांचं म्हणणं, जो आनंदाने करतो त्याला कशाला उठवायचं? ठराव मंजूर झाला. मतदानानंतर काका त्या शिक्षिकेपाशी गेले आणि बदलीच्या मुदतीच्या आठवड्यात लीगच्या कचेरीत कुणाला फोन करावा लागतो ते सांगत बसले.

मुलांना आणण्या-सोडण्याची पाळी लावली. कागदावर पाच पालक आहेत. पाळी चालते, कधी चुकते. दोघा भावांपैकी धाकटा परत आला, थोरला आला नाही, तो आता कामाला लागला आहे. बुधवारच्या फोनचं काय करायचं यावर कमिटीने काहीही ठरवलं नाही. ते ठरवून होण्यासारखं नाही, आणि काका बरे झाल्यावर त्यांनी ते पुन्हा सुरू केलं.

२०२४ च्या हंगामापासून काकांकडे दोनच गोष्टी उरल्या : गोल अंपायरचा कोट आणि त्यांच्या वाटची गाडीची पाळी. रेषा आता तीन तरुण आळीपाळीने मारतात. ट्रेनरची, म्हणजे मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्याची एक जागा अजून रिकामी आहे. अभ्यासक्रमाची फी क्लब भरायला तयार आहे, तरी कुणी नाव दिलेलं नाही. शेजारच्या क्लबाकडून एकत्र येण्याबद्दल पत्र आलं आहे. त्यांच्याकडे मोठ्यांचा संघ आहे, पण लहान मुलं नाहीत. इथे मुलं आहेत, पण मोठ्यांत भरती नाही. काकांचा कौल एकत्र येण्याच्या बाजूने आहे, जर्सीचा रंग गेला तरी चालेल म्हणतात. तरुणांपैकी बऱ्याच जणांना रंग सोडायचा नाही. पुढच्या सभेत त्यावर मतदान आहे. दोन्ही क्लबांच्या बाजूने कामं कोण करतं, त्याच्या वह्या आधी शेजारी ठेवून बघा, एवढा सल्ला मी लेखी दिला आहे.